दोनदा बांधलेली लेस

समजा, तुम्हाला दुसऱ्याचं चालणं करायचं आहे. नक्कल नव्हे, आवाज. समोर पडद्यावर एक माणूस जिना उतरतोय, थबकतोय, परत वळतोय. त्याचे पाय पडताना दिसतात पण ऐकू येत नाहीत, कारण शूटिंगच्या वेळी माईक त्याच्या तोंडापाशी होता, पायांपाशी नव्हता. तुम्ही एका बंद खोलीत फरशीच्या तुकड्यावर उभे आहात. पायात परक्याचे बूट, मापाला मोठे, पुढे चिंध्या कोंबलेल्या. एसी बंद, कारण त्याची घरघर माईक पकडतो. अंगावर असा कपडा, जो सळसळणार नाही. पोट भरलेलं हवं, नाहीतर ते गुरगुरतं आणि नायक-नायिकेच्या प्रेमप्रसंगात मध्येच बेडूक ओरडल्यासारखं होतं. आता त्या माणसाची टाच टेकेल त्याच क्षणी तुमचीही टेकली पाहिजे, तीही जागच्या जागी, कारण पुढे गेलात तर माईक मागे राहतो. जरा आधी पडली तर पडद्यावरचा माणूस भूत वाटतो, जरा उशिरा पडली तर दारुडा.

घरी टीव्हीचा आवाज बंद करून बघा. जिना उतरेपर्यंत घाम फुटेल.

आमच्या स्टुडिओत हे काम ताई करतात. मी काचेच्या अलीकडे मशीनवर बसतो आणि त्यांची पावलं ध्वनिमुद्रित करतो. ताईंच्या खोलीत जमिनीत चौकोनी खड्डे आहेत. एकात वाळू, एकात खडी, एकात सुकी पानं, एकात लाकडी फळ्या. भिंतीला लागून जुन्या बुटांची आणि सँडलांची रांग, लग्नघराच्या दारात असावी तशी. आणि पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा. बुटांच्या खोक्यांचे तुकडे चिकटपट्टीने जोडून ताईंनीच तो केला आहे, चेहरे दिसू नयेत म्हणून. चेहऱ्याकडे लक्ष गेलं की पाय चुकतात, हे धंद्यातलं कारण. खरं कारण त्या लपवत नाहीत. त्यांना ती तोंडं बघवत नाहीत.

त्यामुळे भल्याभल्या नटनट्यांना आमच्याकडे पायांवरून नावं आहेत. घासू, बदक, टाचाबाई. टाचाबाईंच्या लग्नाची बातमी एकदा पेपरात अर्धं पान आली होती. ताई तेच पान पसरून त्यावर बूट पॉलिश करत होत्या. मी म्हटलं, ताई, ही टाचाबाई. त्यांनी मान वाकडी करून फोटो पाहिला.

“अस्सं होय,” म्हणाल्या. “पाय बरे आहेत हिचे.” आणि नवरदेवाच्या तोंडावर ब्रश टेकवून पुढचा बूट घेतला.

प्रसिद्धीबद्दल त्यांचं मत विचारावं लागत नाही, ते चहाबरोबर मिळतं. चार अनोळखी माणसांनी ओळखावं म्हणून चार ओळखीच्यांना ओळख द्यायची नाही, याला प्रसिद्धी म्हणतात, असं त्या सांगतात. गल्लीतून काळी काच लावलेली गाडी गेली की म्हणतात, बघा, दिसावं म्हणून जन्मभर धडपडले आणि आता दिसू नये म्हणून काचा काळ्या केल्या. विनोद त्यांचा चांगला असतो, पण त्यात एक काटा आहे आणि तो कुठे रुतलाय हे स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक आहे. सगळा स्टुडिओ त्यांना ताई म्हणतो. ज्याच्या त्या खऱ्या ताई, तोच म्हणत नाही.

त्यांचा धाकटा भाऊ नट आहे. मोठा नट आहे. बाहेर त्याला सगळे सर म्हणतात. ताई ‘ठोंब्या’ म्हणतात, म्हणून मीही इथे अहोजाहो करत नाही.

ठोंब्या हे नाव लहानपणचं. हौशी नाटकमंडळीत त्याला घेतलं तेव्हा तो रंगमंचावर जिथे सोडाल तिथे ठोंबासारखा उभा राही. वाक्यं घडाघडा म्हणायचा, पण पाय हलायचे नाहीत. ताई त्याला हात धरून तालमीला न्यायच्या आणि संपेपर्यंत विंगेत बसायच्या. एका प्रवेशात कुणीतरी माडीवर येरझाऱ्या घालतंय असा आवाज हवा होता. माडी नव्हती. दिग्दर्शक म्हणाला, ए बाई, नुसती बसलीस ना, जरा त्या खोक्यावर चाल. ताई चालल्या. तिथून त्यांचा हा धंदा सुरू झाला. आणि घरी, स्वयंपाकघराच्या फरशीवर, त्यांनी ठोंब्याला चालायला शिकवलं. आधी टाच, मग चवडा. घाईत आहेस तर चवडा आधी. खोटं बोलून निघालायस तर पाऊल छोटं. आई भाकरी थापता थापता ओरडायची की माझ्या पायात येऊ नका मेल्यांनो.

पुढे तो मोठा झाला. होणारच होता, डोळे चांगले होते. मग एक दिवस टीव्हीवर मुलाखत लागली. आई आणि ताई दोघी जेवणाची ताटं घेऊन समोर बसल्या होत्या. मुलाखत घेणारीने विचारलं की तुमचं चालणं इतकं वेगळं, ते कुठून आलं? ठोंब्याने जरा वर पाहिलं, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, “मला कुणीच काही शिकवलं नाही. रस्त्यावर एकटा उभा राहून माणसं बघायचो. रस्ता हाच माझा गुरू.” ती बाई वा वा म्हणाली. आईपण वा म्हणाली. ताई ताट उचलून मोरीत गेल्या.

“रस्त्यावर कसला एकटा,” त्या मला सांगताना म्हणाल्या. “माझं बोट धरल्याशिवाय रस्ता ओलांडत नव्हता.”

त्यानंतर त्या त्याच्याशी बोललेल्या नाहीत आणि त्यानेही बोलायची तसदी घेतलेली नाही. आईला तो फोन करतो, ताई तेव्हा खोलीबाहेर जातात. स्टुडिओच्या मालकांना त्यांनी बजावून ठेवलं होतं, त्याच्या सिनेमाचे पाय मी करणार नाही. मालकांनी शब्द दिला होता. त्याचे पाय दुसऱ्या स्टुडिओतला एक जण करायचा. ताईंना भावाकडून काय हवं होतं, तर फार नाही. जाहीर काही नको, सत्कार नको. त्यांनी एकदाच मला सांगितलं होतं, चमच्याने चहा ढवळत. दाराआड का होईना, कुणी ऐकत नसताना, त्याने एकदा ताई म्हणून हाक मारावी. बस्स.

गेल्या वर्षी त्या दुसऱ्या स्टुडिओतल्या माणसाचा घोटा मुरगळला. पायांवर पोट असलेल्याचा घोटा गेला म्हणजे गवयाचा गळा गेला. मालकांकडे काम आलं, तारीख अंगावर आलेली. मालकांनी विचार केला की पुठ्ठा तर आहेच, संवादांचा आवाज बंद ठेवला की झालं. सिनेमाचं नाव अजून ठरलेलं नव्हतं, सोबत नायकाचे खरे बूट आले होते, पण बुटांवर कुणाचं नाव लिहिलेलं असतं? मला त्यांनी कोपऱ्यात घेऊन सांगितलं की तोंड बंद ठेव. मी ठेवलं. नवी नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही होतं की ताई ओळखतात का.

नाही ओळखलं. पहिल्याच दिवशी गुडघ्यापासून खालचा तो माणूस लांबलचक व्हरांड्यातून चालत आला आणि ताई दोन पावलं टाकून थांबल्या.

“हा कोण वेडा?” त्यांनी काचेतून मला विचारलं. “हा चालत नाहीये. स्वतःचीच वरात काढून निघालाय.”

त्या दिवसापासून त्याचं नाव वरात. ताईंना इतक्या मजेत काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. वरात गाडीतून उतरला की म्हणायच्या, आले, वाजंत्री लावा. वरात एकटाच आपल्या खोलीत फिरत असतानाही असा चालायचा की जणू खिडकीबाहेर हजार माणसं टाळ्यांसाठी हात वर करून उभी आहेत. टाच टेकवण्याआधी एक क्षण हवेत धरायची, म्हणजे लोकांनी नीट बघावं. “याला बाथरूमलाही असंच जायची सवय असेल,” ताई म्हणाल्या, “वेळेत पोचत नसेल बिचारा.” मी हसलो आणि हसताना मला कसंनुसं झालं. पण आवाज त्यांनी चोख केला. तिरस्काराने करायचं काम असेल तर त्या कसूर ठेवत नाहीत.

मग तो अनवाणी प्रसंग आला. नायकाचं सगळं गेलेलं असतं आणि तो बूट काढून ओल्या गच्चीवर येतो. ताईंनी बूट काढले, फरशीवर पाणी मारलं, माईकपाशी उभ्या राहिल्या. पडद्यावर, पुठ्ठ्याखाली, दोन उघडे पाय आले. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

ती करंगळी लहानपणी दारात चेंगरली होती. ताईंनी तो पाय नळाखाली धरला होता आणि ठोंब्याने त्यांच्या दंडाला चावा घेतला होता. दंडावरचा वण त्यांनी मला आधीच कधीतरी दाखवला होता.

त्या हलल्या नाहीत. पडद्यावरचे पाय गच्चीभर मुक्याने चालत राहिले. मी मशीन थांबवलं. ताईंनी जाऊन पुठ्ठा ओढून काढला. चिकटपट्टीचा एवढा मोठा आवाज माईकवर पहिल्यांदाच ऐकला. थांबलेल्या चित्रात तोंड होतं, पावसाने भिजलेलं, दुःखी दिसायचा पगार घेणारं.

मालक आले, हात जोडायच्या बेतात. ताईंनी त्यांना त्यांच्या शब्दाबद्दल जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खरा राग त्यांना स्वतःचा आला होता. जगाचे पाय ओळखायचे आणि ज्याला चालायला शिकवलं त्याला आठवडाभर वरात म्हणून हिणवायचं, आणि कळायचंही नाही. नंतर, चहाच्या वेळी, त्या म्हणाल्या की मी नाही चुकले. मी शिकवलेलं त्याच्या चालण्यात काही उरलंच नाहीये, तर ओळखू कशावरून? चहा मात्र त्यांनी तसाच ठेवला.

काम त्यांनी सोडलं नाही. अर्धे पाय एकाचे आणि अर्धे दुसऱ्याचे, हे त्यांना सहन होत नाही. पुठ्ठा परत लावला आणि गच्ची पुरी केली. त्या दिवसापासून वरात हे नाव त्यांनी घेतलं नाही, दुसरंही कुठलं घेतलं नाही.

राहिलेले थोडेसे प्रसंग चालू असताना तो डबिंगला आला. डबिंगची खोली आमच्याच व्हरांड्यात आहे. त्याच्याबरोबर नेहमीचा लवाजमा होता. एक पाण्याची बाटली धरणारा, एक मिटलेली छत्री धरणारा, जणू आमचं छप्पर गळतं, आणि एक मोबाईलवाला. या मोबाईलवाल्याचं काम एवढंच, की सर हसले, खोकले, केळं सोललं की टिपायचं आणि जगाला दाखवायचं. जगही रिकामटेकडं, बघतं. मालकांना राहवलं नाही. व्हरांड्यात त्याला गाठून सांगून टाकलं, सर, तुमचे पाय तुमच्या ताईंनीच केलेत.

मी काचेमागे होतो. मशीन चालू होतं, कारण ताई पुढच्या प्रसंगासाठी त्याचे ते बूट घालून जागेवर उभ्या होत्या. माझ्या जागेवरून त्यांच्या खोलीचं दार दिसत नाही. दार उघडल्याचा आवाज आला, मग पावलं, मग तो दिसला. एकटाच. ताईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. तो त्यांच्या पायांकडे बघत उभा राहिला. मग हळू म्हणाला, इतकं हळू की मला हेडफोनवर ऐकू आलं,

“ताई, लेस सुटलीय.”

आणि खाली बसला. बसताना गुडघा कटकन वाजला. डाव्या बुटाची लेस त्याने बांधली, एक गाठ, वर आणखी एक गाठ. ताई त्याच्या डोक्याकडे बघत होत्या. तिथे टक्कल पडायला लागलंय, ते सिनेमात दिसत नाही.

“गुडघे वाजतात तुझे,” त्या म्हणाल्या. “दाखवून घे कुणाला तरी.”

तो हसला. मी त्याला सिनेमांत पुष्कळ हसताना पाहिलंय, हे त्यातलं नव्हतं. म्हणजे, मला तेव्हा तसं वाटलं.

तेवढ्यात दाराकडून मोबाईलवाला पुढे आला. तो कधीपासून तिथे होता, देव जाणे. “सर, काय क्षण होता,” म्हणाला, “पण फक्त पाठ आलीय. आणि अंधार आहे. परत एकदा घेऊ या?”

ठोंब्याने वर ताईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो त्या माणसाला हाकलून देणार. त्याने लेसचं टोक धरून दोन्ही गाठी सोडवल्या, उठला आणि दाराकडे गेला. बाकीचे दोघेही आत आले, छत्रीवाल्याने दिवा धरला. मोबाईलवाला म्हणाला, मॅडम, जरा तोंड इकडे.

आणि ताईंनी तोंड तिकडे केलं. ते त्या स्वतःला अजून माफ करत नाहीत.

तो परत आला. या वेळी वरात आला. टाच हवेत धरत, ओळखीच्या चालीने. मध्येच थबकला, ओठ जरा थरथरू दिले. “ताई,” म्हणाला, खोलीभर ऐकू जाईल असं, “लेस सुटलीय.” खाली बसला, कॅमेऱ्याकडे तीन भाग तोंड ठेवून. बाटलीवाल्याने डोळे पुसले. गुडघा या वेळी वाजला नाही.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. पुष्कळांनी पाहिला. खाली लिहिलं होतं की माझी पहिली गुरू, माझी ताई. रस्ता गेला बिचारा, नोकरीवरून काढल्यासारखा.

मग ताईंच्या मागे ससेमिरा लागला. शेजारीण, जी कधी जिन्यात बाजूला होत नसे, ती फोटो काढायला आली. भाजीवाल्याने पायांचा फोटो मागितला. एका मुलीने मुलाखतीत विचारलं की त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं. ताई म्हणाल्या, बूट मोठा आहे असं वाटलं. तिने ते छापलं नाही. आईला मात्र जग जिंकल्यासारखं झालं होतं. येईल त्याला ती तो व्हिडिओ दाखवायची. एकदा ताईंनाच दाखवला, ऐक ना, ताई म्हणाला बघ.

“दोनदा म्हणाला,” ताई म्हणाल्या. “तू दुसरं बघतेयस.”

सगळ्यात वाईट गोष्ट त्यांनी मला आठवड्याने सांगितली. बाजारातून येताना कोपऱ्यावर दोन मुली त्यांच्याकडे बघून कुजबुजल्या. पुढे दहा-बारा पावलं गेल्यावर ताईंना स्वतःचेच पाय ऐकू आले. टाच हवेत धरली जात होती. “मी,” त्या म्हणाल्या, “मी, भाजीची पिशवी घेऊन.” घरी जाईपर्यंत त्या पाय फरफटत गेल्या, मुद्दाम.

ठोंब्या आता त्यांना फोन करतो. रोज नाही, पण करतो. त्या आधी विचारतात, स्पीकरवर आहे का रे? तो नाही म्हणतो. मग त्या गुडघ्याची चौकशी करतात आणि ठेवतात. जे विचारायचं ते विचारत नाहीत. विचारलं तर तो नट आहे, उत्तर छान देईल.

मी मोबाईलवाल्याला विचारून पाहिलं होतं, परस्पर. तो म्हणाला, सरांना सांगायची गरजच नसते, मी कायम चालूच ठेवतो. यावरून काय समजायचं ते समजा. ताईंनी दोन्ही बाजूंनी विचार करून झालाय. दोन गाठी मारल्या, त्या शिकवायच्या तशा, हे खरं. पण हाताला सवय असते. हळू बोलला, हे खरं. पण माईक समोर होता आणि हळू कुठे बोलायचं हे त्याला कळतं. कळतं म्हणून तर तो एवढा मोठा झाला.

माझ्या मशीनवर ते पहिलं येणं आहे. चित्र नाही, नुसता आवाज. दार, पावलं, लेस सुटलीय, गुडघा. पुठ्ठा लावायची गरज नाही असं एकमेव दृश्य. ताई अधूनमधून काचेअलीकडे येतात, माझ्या खुर्चीवर बसतात, हेडफोन लावतात आणि दारापासून त्यांच्यापर्यंतची ती पावलं ऐकतात. पहिलं पाऊल वरातीचं वाटतं, दुसऱ्यापासून ठोंब्याचं. कधी उलट. काल त्यांनी ते परत लावायला सांगितलं, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन गळ्यात उतरवला आणि मला विचारलं, जसं काही मी त्या खोलीत होतो:

“पहिल्यांदा खाली बसला ना तो, तेव्हा त्याला माहीत होतं का रे, मागे फोन चालू आहे?”